ड्यूई, जॉन

(२० ऑक्टोबर १८५९–१ जून १९५२). अमेरिकन तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ व शिक्षणसुधारक. चार्ल्स सँडर्स पर्स व विल्यम जेम्स यांच्याबरोबर फलप्रामाण्यवादाच्या प्रमुख प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

त्यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे एका किराणा दुकानदाराच्या कुटुंबात झाला. व्हरमाँट विद्यापीठाची पदवी घेतल्यावर (१८७९) त्यांनी काही काळ शाळेत शिकवले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली (१८८४). पुढे मिशिगन, शिकागो (१८९४–१९०४) व कोलंबिया (१९०४–३०) या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले.

आरंभी त्यांच्यावर हेगेलच्या चिद्वादाचा पगडा होता. डार्विनचा उत्क्रांतिवाद आणि जेम्सचे मानसशास्त्र यांच्या प्रभावाने तो ओसरला. सजीव व परिसर यांच्यातील अखंड देवघेव म्हणजे अनुभव, अशी त्यांची धारणा बनली. नेहमीच्या सवयीने निभावत नाही अशा प्रसंगी माणूस विचार करू लागतो. म्हणून विचार आणि संकल्पना ही अडचणीतून वाट काढण्याची साधने होत. या मताला ‘साधनवाद’ म्हणतात. ‘हाऊ वी थिंक’ (१९१०) या ग्रंथात त्यांनी विचारप्रक्रियेच्या पायऱ्या सांगितल्या : अडचण जाणवणे, तिचे स्वरूप निश्चित करणे, संभाव्य उपाय सुचणे, त्याचे परिणाम तर्काने ताडून पाहणे आणि निरीक्षण-प्रयोगाने त्याची पारख करणे. ज्ञाता हा जगाकडे दुरून पाहणारा केवळ प्रेक्षक असतो, हे पारंपरिक मत त्यांनी ‘द क्वेस्ट फॉर सर्टन्टी’ (१९२९) मध्ये खोडून काढले. मन व शरीर, विचार व कृती, साध्य व साधन ही द्वंद्वेही त्यांना अमान्य होती.

शिक्षणविचार हे याच ज्ञानमीमांसेचे उपयोजन होय. १८९६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा (प्रायोगिक शाळा) सुरू केली. तेथे स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम अशा उद्योगांतून मुलांना गणित, विज्ञान व इतिहासाकडे नेले जाई. शाळेच्या कारभारावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी मतभेद झाल्याने त्यांनी १९०४ मध्ये शिकागो सोडले. शिक्षण म्हणजे भावी जीवनाची केवळ तयारी नसून ते प्रत्यक्ष जीवनच आहे, अनुभवाची सतत पुनर्रचना आहे, असे ते मानत. मात्र मुलांना मोकळे सोडणे म्हणजे शिक्षण नव्हे. कोणता अनुभव पुढील वाढीला पोषक ठरेल, याची निवड शिक्षकाने करायची असते. त्यांच्या नावावर चाललेल्या अतिरेकी प्रयोगांवर त्यांनी स्वतःच ‘एक्स्पीरिअन्स अँड एज्युकेशन’ (१९३८) मध्ये टीका केली.

‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) या ग्रंथात त्यांनी शिक्षणाची सांगड लोकशाहीशी घातली. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची व अनुभव वाटून घेण्याची रीत आहे. म्हणून वर्गावर्गांत भिंती उभारणारा समाज लोकशाहीला व शिक्षणाला सारखाच मारक ठरतो, असे त्यांनी प्रतिपादले. अमेरिकन प्राध्यापक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९१९ ते १९२१ या काळात त्यांनी चीनमध्ये व्याख्याने दिली. रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की यांच्यावरील आरोपांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले (१९३७).

ड्यूई यांनी सत्याची जागा ‘समर्थनीय विधाना’ला (चौकशीतून आधार मिळालेल्या विधानाला) देण्यावर बर्ट्रंड रसेल यांनी आक्षेप घेतला. ड्यूई यांच्या शिक्षणपद्धतीने विषयज्ञान दुबळे होते, अशी टीकाही झाली. तरीही कृतीतून शिक्षणाचा विचार जगभर रुजण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. कोलंबियात शिकत असताना (१९१३–१६) भीमराव आंबेडकर यांना त्यांचे अध्यापन लाभले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये आंबेडकरांनी त्यांचे ऋण मान्य केले असून, लोकशाही व बंधुता यांच्या मांडणीत ड्यूईंच्या सहजीवनाच्या कल्पनेचा आधार घेतला आहे.

न्यूयॉर्क येथे ड्यूई यांचे निधन झाले.