पेशी की भोवरा? : तप्त प्रवाहाच्या अभ्यासातील एक प्रकरण

‘अभिसरण’ या शब्दातील ‘सृ’ धातू केवळ गती सांगतो. तापलेला द्रव वर चढताना कोणती आकृती धारण करतो, याविषयी तो मौन पाळतो. शास्त्राच्या इतिहासात मात्र खरा प्रश्न आकृतीचाच ठरला.

इ. स. १९०० मध्ये आंरी बेनार या फ्रेंच संशोधकाने, व्हेलच्या मेणाचा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा वितळलेला थर खालून तापविला असता उमटलेल्या षट्कोनांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांस त्याने ‘पेशीमय भोवरे’ असे नाव दिले. पुढे पेशी टिकली, भोवरा गळाला. हा केवळ शब्दाचा प्रश्न नव्हे, असे आम्हांस वाटते. पेशी म्हणताच बंदिस्त, स्थिर आकृती डोळ्यांपुढे येते; भोवऱ्याला मात्र आस असतो, आणि तो आस कोणत्या दिशेला आहे हे विचारता येते.

१९१६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गतीच्या प्रारंभाचे गणित मांडले. तापमानातील फरक, थराची जाडी, द्रवाची चिकटाई इत्यादींवरून निघणारी एक संख्या ठराविक मर्यादा ओलांडील तेव्हाच द्रव हलू लागतो. दोन घट्ट पृष्ठांमध्ये ही मर्यादा सुमारे १७०८ आहे. (बेनारचे षट्कोन मुख्यतः पृष्ठताणामुळे पडले होते, हे १९५६ नंतर उमगले!) तथापि आकृती कोणती, हे या गणितातून निघेना.

येथे सर गिल्बर्ट वॉकर यांचे स्मरण अवश्य आहे. १९०४ ते १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून ते सर्वश्रुत आहेत. लंडनमध्ये त्यांनी केलेले स्तरमेघांच्या आकृतींवरील काम (१९३२) त्या मानाने उपेक्षित राहिले. खालून तापलेल्या थराचा वरचा भाग खालच्या भागावरून वेगाने सरकू लागला, की पेशी मोडून प्रवाहाच्या दिशेने लांबच लांब लाटणी पडतात, असे त्या काळच्या प्रयोगांत दिसून आले. कारण उघड आहे. प्रवाहाला आडव्या लाटण्याचा माथा पुढे ओढला जातो व तळ मागे राहतो; उभ्या लाटण्यातील द्रव मात्र स्वतःच्याच आसाच्या दिशेने वाहून नेला जातो, म्हणून त्याला जास्त उष्णता लागत नाही.

याचा पडताळा समुद्रावर मिळाला. वुडकॉक यांनी १९४२ मध्ये नोंदविले, की मंद वाऱ्यात कुरव पक्षी घिरट्या घालीत वर चढतात; वारा वाढला म्हणजे तेच पक्षी पंख न हलविता सरळ रेषेत तरंगत जातात.