कापसाची डिजिटल पुरवठा साखळी, वऱ्हाडातील

शेतातल्या पऱ्हाटीपासून गिरणीतल्या सुतापर्यंत कापूस ज्या ज्या हातांतून जातो, त्या हातांच्या नोंदी संगणकावर आणि मोबाइलवर एकमेकींना जोडत नेणारी व्यवस्था. पेऱ्याची नोंद, बाजार समितीतली आवक, काट्यावरचे वजन, ओलाव्याची टक्केवारी, जिनिंगमधला लॉट, गाठीचा क्रमांक, ट्रकचे ई-वे बिल आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा झालेले पैसे या तिच्या कड्या होत. धक्का बसला तरी जी तुटत नाही, किंवा तुटलीच तर हंगाम हातचा जाण्याआधी सांधता येते, ती साखळी चिवट म्हणायची. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाळ मिलांना आणि तेलउद्योगालाही अशी साखळी लागते. पण तिथे माल लवकर येतो आणि लवकर जातो. कापसाची वाट लांब, माणसे अधिक आणि माल एकमेकांत मिसळण्याच्या जागाही अधिक, म्हणून येथे मुख्यतः कापसाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : वऱ्हाडचा कापूस दूरच्या बातमीवर हलायला लागला तो संगणकाच्या फार आधी. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडची रुई इंग्लंडला मिळेनाशी झाली आणि इथला भाव आभाळाला भिडला. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला फाटे निघाले. खामगावच्या फाट्याचे उद्‌घाटन 1870 मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते झाले. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. परदेशच्या बाजाराची खबर पूर्वी टपालाच्या बोटीने येई, ती आता तारेने येऊ लागली.

पण बातमी वेगाने आली म्हणून शेतकरी सावरला असे झाले नाही. युद्ध संपताच भाव कोसळले, आणि ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज उचलले होते त्यांच्या जमिनी सावकाराकडे गेल्या. वाहतूक आणि खबर यांचा वेग वाढला, मात्र जोखीम वाटून घेण्याची सोय झाली नाही, की धक्का साखळीच्या सर्वांत खालच्या टोकाला बसतो. आजच्या डिजिटल साखळीकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे.

दुसरा वारसा अधिक उपयोगाचा आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा (लाड) येथे 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. सौदा उघड व्हावा, वजन तपासता यावे, दलाली आणि कपाती मनमानीने लागू नयेत, हा त्यामागचा विचार. नोंद विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखीच दिसली पाहिजे, हे तत्त्व भारतात कायद्याच्या रूपाने पहिल्यांदा रुजले ते या मातीत. पुढे 1972 मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. सुमारे तीन दशके चाललेल्या या योजनेत प्रत्येक क्विंटलचा कागद तयार होत असे. हमीभावाचा आधार होता, पण चुकारे रखडत आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशात भाव बरा दिसला की माल तिकडे वळे. माल एका वाटेने आणि कागद दुसऱ्या वाटेने जाऊ लागला की कोणतीही नोंदव्यवस्था पोकळ होते, हा त्या योजनेचा धडा.

मालाची वाट आणि मिसळण : दसऱ्याच्या सुमारास वेचणीला सुरुवात होते आणि तीन-चार वेचे होतात. पहिल्या वेच्याचा कापूस लांब धाग्याचा आणि स्वच्छ. शेवटच्यात कवडी आणि कचरा जास्त. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतेक सरकी. रुईची एक गाठ 170 किलोंची असते, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. शंभर गाठींचा लॉट धरला तर पाचशे क्विंटल झाले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दहा-वीस क्विंटल निघाला, तर एका लॉटमध्ये पंचवीस ते पन्नास घरांचा कापूस येतो.

हा कापूस जिनिंगच्या आवारात गंजीवर ओतला जातो, आणि साखळीतली सर्वांत महत्त्वाची घटना त्या क्षणी घडते : कापसाचे गाव हरवते. गंजीच्या अलीकडे शेतकऱ्याचे नाव, सातबारा, वाण आणि वजन माहीत असते. गंजीच्या पलीकडे प्रेसचा शिक्का, लॉट आणि गाठ क्रमांक माहीत असतो. रुईच्या धाग्याची लांबी, ताकद आणि तलमपणा प्रयोगशाळेत गाठीगणिक मोजता येतो, पण तो धागा कुठल्या शिवारातला हे यंत्र सांगत नाही. मोबाइल अ‍ॅप, क्यूआर कोड, ब्लॉकचेन यांवर बोलणे पुष्कळ होते. मात्र ब्लॉकचेन नोंद बदलू देत नाही एवढेच. मुळात चुकीची नोंद घातली तर ती चूकच कायम जपते. म्हणून सगळा भर गंजीवर हवा : ओतलेल्या मालाच्या याद्या दिवसागणिक बंद करणे, प्रत्येक गंजीला क्रमांक देणे, एक गंजी संपल्याशिवाय तिचा लॉट दुसऱ्यात न मिसळणे. याला महागडे तंत्र लागत नाही. आवारात मोकळी जागा आणि शिस्तीचा मुकादम लागतो.

याच अडचणीवर वाणाच्या बाजूनेही उपाय होतो. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पातल्या ‘एक गाव, एक वाण’ या कल्पनेत एका गावाने एकच वाण लावायचे, कापूस एकत्र जिनिंगला न्यायचा आणि शेतकऱ्यांच्या गटाने कापसाऐवजी गाठी विकायच्या, असे ठरवले आहे. गाव आणि वाण एकच असले की गंजीत मिसळूनही माहिती फारशी हरवत नाही. नोंद सोपी करण्यासाठी मालच सोपा करण्याची ही रीत वऱ्हाडाला सर्वांत मानवणारी आहे.

आजचे दुवे : राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो व जागा नोंदवतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढते. साखळीची पहिली कडी हीच. 1970 मध्ये स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडचे सीसीआय, हमीभावाने खरेदी करते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7710 रुपये होता. त्याच हंगामापासून ‘कपास किसान’ या मोबाइल अ‍ॅपवर आधार आणि जमिनीच्या नोंदीसह नोंदणी करून माल आणण्याचा दिवस घ्यावा लागतो. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे माल परत. गाठीच्या टोकाला ‘कस्तुरी कॉटन भारत’ आहे. 7 ऑक्टोबर 2020 रोजी जाहीर झालेल्या या भारतीय नाममुद्रेत ठरलेल्या प्रतीच्या गाठींवर क्यूआर कोडचा शिक्का लागतो.

परदेशचा दबाव याच टोकावर येतो. चीनच्या शिनजियांगमधल्या सक्तीच्या श्रमाचा कापूस अडवण्यासाठी अमेरिकेने केलेला कायदा 21 जून 2022 पासून लागू आहे. 18 जुलै 2024 रोजी अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या नियमाने वस्तूच्या डिजिटल पासपोर्टची पायाभरणी केली, आणि त्यात कपड्यांना अग्रक्रम आहे. विकणाऱ्याला यापुढे धाग्याचे मूळ दाखवावे लागेल. 2020 मध्ये भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या प्रमाणपत्रांत मोठी खोटेगिरी उघड झाली तेव्हा खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याच्या मालावरही संशय आला. खोटा कागद करणारा एक असतो, भरपाई सगळा मुलूख करतो.

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या औद्योगिक क्षेत्रात कापड उद्योग आधीपासून आहेत. तेथेच सुमारे हजार एकरांवर होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. सूत, कापड, रंगाई आणि शिलाई एकाच आवारात आणणे हा हेतू. साखळी आखूड झाली की तुटण्याच्या जागा कमी होतात, हे खरे. पण घेणारी गिरणीच बंद पडली तर नोंदी कितीही चोख असून उपयोग नाही : अचलपूरची फिनले मिल मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली, आणि जिल्ह्यातल्या रुईला जिल्ह्यातच असलेले एक गिऱ्हाईक गेले. चिवटपणाचा पहिला अर्थ दुसरे गिऱ्हाईक आणि दुसरी वाट असणे हाच आहे.

कुठे तुटते : सर्वांत मोठी फट जमिनीच्या कागदात आहे. वऱ्हाडात मक्त्याने किंवा बटईने शेत करणारे पुष्कळ. सातबारा मालकाच्या नावावर, घाम दुसऱ्याचा. अ‍ॅपला मालक दिसतो, कसणारा दिसत नाही. मग कसणारा आपला कापूस मालकाच्या नावावर घालतो, किंवा दारात आलेल्या व्यापाऱ्याला कमी भावाने देऊन मोकळा होतो. ही खेडा खरेदी रोख पैसे देते, लग्नाला आणि दवाखान्याला उपयोगी पडते, म्हणून टिकून आहे. तिला चोरटी म्हणून हिणवणे अन्याय आहे. खेड्यातल्या काट्यावर मोबाइलने पावती देण्याची साधी सोय करून तिला साखळीत घेणे शहाणपणाचे. दुसरी फट बियाण्याची. परवानगी नसलेले तणनाशकरोधी बियाणे या भागात लावले जाते, आणि जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून आंदोलन केले. बियाण्यामागची बाजू कोणतीही घेतली तरी एक गोष्ट उरते : ज्या बियाण्याला पावती नाही, त्या वाणाची नोंद पहिल्याच कडीला खोटी होते.

तिसरी फट वीज आणि नेटवर्कची. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत किंवा पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात नेट जाते-येते, आणि खरेदी केंद्रावर सर्व्हर थांबला की बाहेर गाड्यांची रांग उभी राहते. गाडीचे भाडे रोज चढते, रात्रीच्या दवात ओलावा वाढतो आणि सकाळी तोच कापूस बारा टक्क्यांच्या पुढे जातो. ज्या यंत्रणेत बिघाडाचा भुर्दंड शेतकऱ्याला पडतो, तिला चिवट म्हणता येत नाही. उपाय अवघड नाहीत : नेटविना चालणारी आणि नंतर जुळणारी नोंद, काट्याला बॅटरीचा आधार, प्रत्येक वजनाची छापील काटापट्टी शेतकऱ्याच्या हातात, आणि यंत्रणा थांबलेल्या दिवशी घेतलेल्या मालाला त्याच दिवशीचा ओलावा व भाव लावण्याचा लेखी नियम. यांतला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा.

चौथा धोका दुरून येतो. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या घातक प्रणालीने जहाज कंपनी मर्स्कची यंत्रणा जगभर ठप्प केली आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम थांबले. वऱ्हाडाला सर्वांत जवळचे मोठे कंटेनर बंदर हेच. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात हिशेबाचा संगणक बहुधा एकच असतो, आणि त्याच्यावरच लॉट, गाठी, कर, चुकारे सारे. आठवड्याला एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर, आणि ती डिस्क कारखान्याबाहेर, एवढी काळजी तरी हवीच. उन्हाळ्यात गंजीला ठिणगी लागली की रुईबरोबर कार्यालयही जळते, आणि विम्याच्या दाव्याला साठ्याची नोंद लागते. 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ल्याची माहिती सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांत द्यावी लागते.

भावाचा धक्का मात्र तंत्राने थोपत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले, आणि त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवून ती सूट पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांना परदेशी रुई स्वस्त मिळाली. वेचणीच्या तोंडावर उभ्या शेतकऱ्याला भावाची धास्ती मिळाली. ई-पीक पाहणीतून पेरा आणि आवकेचा अंदाज आधीच हाती असतो. असे निर्णय तो अंदाज समोर ठेवून, हंगामाच्या आधी जाहीर व्हावेत, ही मागणी रास्त आहे.

सरकीची बाजू : वजनाने कापसाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सरकीचा असतो, पण डिजिटल नोंद रुईच्या मागे जाते आणि सरकीला जिनिंगच्या दारातच सोडते. सरकीतून तेल निघते, उरलेली ढेप गाई-म्हशींच्या गव्हाणीत जाते, आणि ढेपेचा भाव चढला की दुधाचा खर्च चढतो. शिवाय गुलाबी बोंडअळी सरकीच्या जोडलेल्या बियांत सुप्त राहते आणि साठवलेल्या सरकीतून बाहेर पडलेले पतंग जवळच्या शेतांतल्या पहिल्या फुलांवर येतात. तिथेच डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमललेली फुले, दिसू लागतात. म्हणून जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावण्याची शिफारस केली जाते. त्या सापळ्यांत रोज किती पतंग सापडले याचा आकडा, आणि कोणत्या गावाची सरकी कुठल्या गोदामात किती दिवस पडून आहे याची यादी, या दोन नोंदी साखळीत आल्या तर फरदड काढायची, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवायचे, की नाही, फवारणी कधी करायची, हे शेजारच्या गावांना आधीच कळेल.