देवयानीचे छायाचित्र

वसंतातल्या व्याख्यानाहून घरी परतताना कोणी मान वर करून पाहिले, तर देवयानी तारकासमूह त्याला दिसावयाचा नाही. या दिवसांत तो सूर्याच्या आसपास असतो. पावसाळा सरला, आश्विन उजाडला, म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरी ईशान्येस तो वर चढू लागतो. अंधाऱ्या गावी त्यात पुसट कापसासारखा एक डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हा डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका, आपल्या आकाशगंगेची थोरली शेजारीण. तिचे अंतर सुमारे 25 लक्ष प्रकाशवर्षे. आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश निघाला, तेव्हा आपली मनुष्यजात पृथ्वीवर अवतरलीही नव्हती.

या दीर्घिकेचे छायाचित्र आज कळंबोलीतील एखादा कारकून किंवा विद्यार्थी आपल्या गच्चीवरून काढू शकतो. आम्हीही तो उद्योग केला आहे. हे सामर्थ्य सामान्य माणसाच्या हाती कसे आले, आणि ते टिकवावयाचे तर काय सांभाळले पाहिजे, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आकाशाच्या छायाचित्रणाचा आरंभ फार अडचणीचा होता. ओल्या काचा वापरीत, त्या काही मिनिटांत वाळून जात. अंधुक वस्तूचा प्रकाश तासन् तास साठविण्याची सोय कोरड्या काचा निघाल्यावर झाली. 1880 साली हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टराने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. 1883 साली इंग्लंडात अँड्र्यू कॉमन याने 36 इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचे असे चित्र काढले की, त्यात डोळ्यांना कधी न दिसलेले तारे उमटले. पुढल्याच वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. कॉमन हा व्यवसायाने सांडपाण्याच्या कामातला एंजिनियर! आणि 29 डिसेंबर 1888 रोजी आयझॅक रॉबर्ट्स याने 20 इंची दुर्बिणीने देवयानीचे जे छायाचित्र घेतले, त्यात तिच्या सर्पिल भुजा जगाला प्रथमच स्पष्ट दिसल्या. रॉबर्ट्स हा बांधकामाच्या धंद्यात पैसा मिळविलेला गृहस्थ. तिघेही हौशी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच 1888 साली आपल्या पुण्यात काय घडत होते? कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत असता 1882 साली भावनगरच्या महाराजांनी 5,000 रुपयांची देणगी दिली, सरकारने तितकीच भर घातली, आणि नायगमवालांनी विलायतेस जाऊन यंत्रे मिळविली. दुर्बीण ग्रब या कारखान्याची. पुढे तिला 20 इंची आरसा बसला, तो वर सांगितलेल्या कॉमनच्या हातचा. म्हणजे रॉबर्ट्सच्या दुर्बिणीएवढीच दुर्बीण पुण्यात होती, आणि हिंदुस्थानात तिच्याहून मोठी दुसरी नव्हती.

नायगमवालांचा ओढा वर्णपटाकडे होता. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणास ते सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन राहिले व सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रे त्यांनी घेतली. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. जेऊरच्या माळावर जगातले ज्योतिषी जमावेत, हा प्रसंग आपल्या इतिहासात अधिक ठळक अक्षरांत यावयास हवा होता. परंतु 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद केली. यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली, आणि ती मोठी दुर्बीण तेथे पुष्कळ वर्षे वापरावाचून राहिली.

आरसा होता, इमारत होती, कीर्तीही होती. नव्हती ती हे काम उचलणाऱ्या दहा-वीस माणसांची परंपरा. एका माणसाबरोबर वेधशाळा आली आणि त्याच्याबरोबरच गेली. 1944 साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, तेव्हा ही उणीव भरून येऊ लागली. पुढे मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या अंधाऱ्या रानात सामान्य जनांना रात्र रात्र आकाश दाखविले. आमच्यासारख्यांचे ग्रहताऱ्यांचे शिक्षण असल्या मंडळींमुळेच झाले आहे.

आता छायाचित्र सुधारण्याविषयी. काचेची जागा आज विद्युत्-संवेदकाने घेतली आहे. त्याचे मूळ 1969 साली बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी काढलेल्या युक्तीत आहे. तीबद्दल त्यांना 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु संवेदकातही रेडिओच्या खरखरीसारखी एक खरखर असते. उपाय असा की, एकच लांब नोंद न घेता लहान लहान शेकडो नोंदी घ्यावयाच्या व संगणकावर एकीवर एक ठेवून त्यांची सरासरी काढावयाची. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक नोंदीत त्याच जागी असतो. खरखर मात्र प्रत्येक वेळी निराळी पडते, म्हणून ती आपसात कटते. शंभर नोंदींनी चित्र दसपट स्वच्छ होते. वीसपट हवे तर चारशे नोंदी लागतात. येथे घाई चालत नाही.

यापुढचे संस्कारही वजाबाकीचेच आहेत. झाकण लावून घेतलेल्या नोंदींनी कॅमेऱ्याची स्वतःची ऊब वजा होते. एकसारख्या उजळ पडद्याच्या नोंदींनी काचेवरील धूळ व कडांचा काळोख निघतो. आमच्या पहिल्या चित्रात दीर्घिकेशेजारी एक सुबक वलय आले होते. दोन दिवस आम्ही ते कौतुकाने लोकांस दाखवीत होतो. ते धुळीच्या एका कणाचे होते! दुसऱ्या खेपेस रेषा उठावदार करण्याच्या नादात आम्ही इतका हात चालविला की, भुजांमध्ये नसलेले धागे निर्माण झाले. चित्र पहिल्याहून देखणे झाले होते, आणि खोटे.

सुधारणे व सजविणे यांतील सीमा येथे आहे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅलिन यांनी 1970 नंतरच्या दशकात काचेच्या नकारचित्रांवर अंधाऱ्या खोलीत अशाच युक्त्या केल्या, आणि दीर्घिकांभोवतीची अतिमंद कवचे उजेडात आणली. ती कवचे मुळात काचेवर होतीच. मॅलिन यांनी त्यांच्यावरचे आवरण दूर केले. 1923 साली हबलला देवयानीत ज्या रूपविकारी ताऱ्याने ती आकाशगंगेबाहेरची आहे हे पटविले, तो तारा म्हणजे काचेवरचा एक बारीक ठिपका होता. तो कोणी डाग समजून पुसला असता, तर?

हौशी माणसाचे काम संपले, असेही समजू नये. फ्रान्स व जर्मनीतील हौशी निरीक्षकांनी शंभराहून अधिक तासांच्या नोंदी एकत्र करून देवयानीशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक लांबलचक कमान शोधली. 2023 च्या जानेवारीत ती जाहीर झाली. ती देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, याचा विचार शास्त्रज्ञांनी सुरू केला. ज्या दीर्घिकेची असंख्य चित्रे निघाली, तिच्याच शेजारी ही कमान इतकी वर्षे दडून होती.

कळंबोलीची अडचण मात्र निराळी. द्रुतगती महामार्ग येथून सुटतो, लोखंड बाजार रात्रीही उजळलेला असतो, आणि 2025 साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आकाशात पूर्ण चंद्राच्या सहापट लांब पसरलेल्या देवयानीचा केवळ मधला गाभा येथून हाती येतो. भुजा शहराच्या उजेडात बुडतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात याला एक जुना दाखला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 ते 1906 या काळात अलिबागेस हलवावी लागली. विजेपासून दूर जाऊन त्या वेधांची शतकभर चाललेली मालिका वाचली. आता उजेडापासून पळावयास अलिबाग तरी किती दिवस पुरेल?

संगणकावर शहराचा उजेड वजा करता येतो, पण त्याने झाकलेल्या भुजा काही केल्या परत येत नाहीत. ती वजाबाकी रस्त्यावरच केली पाहिजे. दिव्याला वरून टोपण बसविले आणि मध्यरात्रीनंतर नको ते दिवे मालवले, तर वीज वाचेल, रस्ताही नीट दिसेल, आणि आपल्या नातवंडांना 25 लक्ष वर्षांचा तो प्रवासी गच्चीवरून भेटेल. पुण्याची दुर्बीण माणसांवाचून गेली. आज कळंबोलीत माणसे आहेत, कॅमेरे आहेत. येत्या आश्विनात त्यांना थोडा अंधार मिळवून देणे एवढेच आपल्या हाती आहे.