शिरूर कासार तालुक्यातील दुष्काळ आणि ऊसतोड स्थलांतर

शिरूर कासार हा महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील तालुका आहे. सिंदफणा नदीकाठचे शिरूर हे त्याचे मुख्यालय होय. पर्जन्यछायेतील या अवर्षणप्रवण भागातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात.

दुष्काळ

येथील बरीचशी शेती कोरडवाहू आहे. मराठवाड्यात १९७२, २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांत तीव्र दुष्काळ पडला. विहीर किंवा कूपनलिका खोल नेण्याची ऐपत असलेला शेतकरी अशा वर्षी काही काळ तग धरतो. अल्पभूधारक व भूमिहीनांना मात्र गाव सोडावे लागते. हवामान बदलामुळे पावसाची अनिश्चितता वाढत असल्याने ही विषमता अधिक ठळक होते.

स्थलांतर

दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, हंगामभर कामातून फेडावी लागते. ती फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामावर जाते.

सामाजिक परिणाम

स्थलांतराच्या काळात मुलांचे शिक्षण खंडित होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले.

उपाययोजना

राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले असून, कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना राबवली जाते.