ठग, डकॉइट, गुंडा : गुन्हेगाराला नाव देणाऱ्या शब्दांचा इतिहास



भारतातील कोणतेही इंग्रजी वृत्तपत्र उघडा. 'थग', 'डकॉइट', 'गूंडा', 'हूलिगन', 'गँगस्टर' यांपैकी एखादा शब्द पहिल्या दोन-चार पानांत सापडतोच. यांतील पहिले तीन शब्द भारतीय भाषांतून इंग्रजीत गेले. मात्र इंग्रजीत जाताना त्यांचा अर्थ जसाच्या तसा राहिला नाही. ब्रिटिश राजवटीचे पोलीस, न्यायालये आणि कायदे यांनी त्यांना नवा अर्थ दिला. एखाद्याने काय केले हे सांगणारा शब्द तो माणूस कोण आहे हे सांगू लागला. हा बदल कसा झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या पाठात पाहू.

१. ठग

या शब्दाचे मूळ संस्कृत 'स्थग' म्हणजे लबाड, धूर्त. हिंदीत 'ठगना' म्हणजे फसवणे. मराठीत याच अर्थाने आपण 'ठक', 'ठकवणे' म्हणतो. 'ठकास महाठक' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. या अर्थात खून कोठेही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी हा शब्द एका विशिष्ट गुन्ह्यासाठी रूढ केला : प्रवाशांशी ओळख वाढवायची, वाटेत त्यांचा गळा आवळायचा आणि त्यांना लुटायचे. दक्षिणेत अशाच टोळ्यांना 'फांसीगर' म्हटले जाई. विल्यम स्लीमन हा अधिकारी १८३५ मध्ये ठगीविरोधी मोहिमेचा मुख्य अधीक्षक झाला. १८३६ मध्ये त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश 'रामासीआना' प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आलेल्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. आरोपीने अमुक माणसाला मारले, हे स्वतंत्रपणे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. शिवाय 'ठग' म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती.

येथे साधनांचा प्रश्न येतो. रस्त्यांवर प्रवाशांचे खून होत होते, यात शंका नाही. पण देशभर पसरलेला एकच गुप्त धार्मिक पंथ ते करत होता का, याविषयी आजचे अनेक इतिहासकार साशंक आहेत. त्या चित्राचा मोठा भाग माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभा आहे. फाशी टाळण्यासाठी बोलणाऱ्या माणसाचे शब्द, अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नांच्या चौकटीत आणि भाषांतरातून आपल्यापर्यंत आले आहेत.

१८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलर याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लंडनमध्ये निघाली आणि हा शब्द इंग्रजी वाचकांच्या घराघरांत पोहोचला. पुढे त्याचा भारताशी संबंध सुटला व कोणत्याही दांडगट, हिंसक माणसाला 'थग' म्हटले जाऊ लागले. अमेरिकेत तो विशेषतः कृष्णवर्णीय तरुणांना चिकटला. तेथील रॅप गायक टूपाक शकूर याने 'थग लाइफ' म्हणत तो उलट अभिमानाने मिरवला. २०१५ मध्ये बाल्टिमोर येथील दंगलीनंतर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी दंगलखोरांसाठी हा शब्द वापरला, तेव्हा तो वंशभेदी आहे का, असा वाद तेथे झडला.

२. डकॉइट

'डाका' आणि 'डकैत' यांपासून हा शब्द आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने त्याला नेमकी व्याख्या दिली : पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. चौघांनी केली तर जबरी चोरी, पाचवा सामील झाला की दरोडा. येथे शब्द कृत्याशी बांधलेला आहे आणि न्यायालयाला मोजता येतो. तरीही याच संहितेत दरोडेखोरांच्या टोळीत असण्याबद्दल वेगळी शिक्षा होतीच.

३. शब्दापासून जमातीपर्यंत

टोळीत असणे हाच गुन्हा मानल्यावर पुढची पायरी आली : विशिष्ट जमातीत जन्मणे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून घोषित करण्याचा अधिकार दिला. हा कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला आणि नंतर इतर प्रांतांत पसरला. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जाण्यासाठी परवाना असे निर्बंध लोकांवर आले. काही ठिकाणी त्यांना कुंपणाच्या वसाहतींत ठेवले गेले. सोलापूरची 'सेटलमेंट' त्यांपैकी एक.

नावांकडेही पाहा. फासेपारध्यांच्या नावातील 'फासे' हे पशुपक्षी पकडण्याचे आहेत. ते नाव शिकारीच्या व्यवसायाचे आहे. 'उचल्या' या नावात मात्र उचलेगिरीचा आरोपच आहे. लक्ष्मण गायकवाड यांनी तेच नाव आपल्या आत्मकथनाला दिले आणि 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८७१ मध्ये सुरू झालेली ही कायद्याची परंपरा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपली. या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. कायदा गेला तरी चोरी झाल्यावर प्रथम त्यांच्याच वस्तीकडे वळणारी संशयाची नजर गेली नाही.

४. गुंडा

१९२३ मध्ये बंगालमध्ये गुंडा कायदा झाला. त्यामुळे कलकत्ता परिसरातून माणसाला तडीपार करता येऊ लागले. या कायद्यात 'गुंडा' शब्दाचा अर्थ 'हूलिगन' या शब्दाच्या आधाराने सांगितला होता. तो शब्द तर १८९८ च्या सुमारास लंडनच्या वृत्तपत्रांनी तेथील उनाड टोळक्यांसाठी रूढ केलेला! म्हणजे एका शहरातील संदिग्ध शब्दाने दुसऱ्या शहरातील संदिग्ध शब्दाची व्याख्या केली.

याचा निकाल स्वतंत्र भारतात लागला. विदर्भाचाही समावेश असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४६ मध्ये असाच कायदा झाला होता. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बलदेव प्रसाद खटल्यात घटनाबाह्य ठरवला. गुंडा कोणाला म्हणायचे याची स्पष्ट कसोटी त्यात नव्हती आणि 'मी गुंडा नाही' हे सिद्ध करण्याची पुरेशी संधीही माणसाला मिळत नव्हती. म्हणजे प्रश्न केवळ शब्दकोशाचा नव्हता. घरात राहण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क एका शब्दावर अवलंबून होता.

अभ्यासासाठी

दंडसंहितेत १८६० पासून असलेले 'ठग' हे कलम २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतून वगळले गेले. दरोड्याचे कलम मात्र राहिले. कृत्याची व्याख्या टिकली आणि माणसाच्या प्रकाराची गळून पडली, असे आपण म्हणू शकतो. जुना पोलीस अहवाल किंवा आजची बातमी वाचताना असा शब्द आला, की तीन प्रश्न विचारा. हे नाव कोणी दिले? ते केलेल्या कृत्याला दिले की माणसाला, त्याच्या जमातीला? आणि ज्याला ते दिले, त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली का? तुमच्या जिल्ह्यातील एखादे असे नाव निवडून त्याचा इतिहास या प्रश्नांच्या आधारे लिहून पाहा.