हॉक्सन येथील ‘सम्राज्ञी’ मिरीदाणी

हॉक्सन येथील ‘सम्राज्ञी’ मिरीदाणी ही उत्तर रोमन काळातील चांदीची पोकळ मूर्ती आहे. इंग्लंडच्या सफक परगण्यातील हॉक्सन या गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सापडलेल्या ठेव्यात ती मिळाली. अर्धपुतळ्याच्या आकाराची ही मूर्ती सुमारे १० सेंमी उंच असून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वरकरणी शोभेची वाटणारी ही वस्तू प्रत्यक्षात जेवणाच्या मेजावर मिरपूड भुरभुरण्याचे पात्र होती.

शोध

एरिक लॉज हे शेतात हरवलेला एक हातोडा धातुशोधक यंत्राने शोधत असता त्यांना हा ठेवा लागला. त्यांनी पुढे खणणे थांबवून तत्काळ वर्दी दिली. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना उरलेल्या वस्तू मूळ मांडणीसह बाहेर काढता आल्या. ठेव्यात सुमारे १५,००० नाणी आणि सुमारे २०० सोन्याचांदीच्या वस्तू आहेत. त्यांतील सर्वांत अलीकडची नाणी इ. स. ४०७-४०८ मधील असल्याने ठेवा त्यानंतर पुरला गेला, हे निश्चित होते. मात्र हा काळ पुरण्याचा आहे, मूर्ती घडवण्याचा नव्हे.

उपयोगाची निश्चिती

मूर्तीचे मर्म तिच्या तळाशी आहे. तेथील आतली चकती फिरवून तीन स्थितींत आणता येते: एकीत तळ पूर्ण बंद होतो, दुसरीत मिरपूड भरण्यापुरता उघडतो आणि तिसरीत केवळ बारीक छिद्रे मोकळी राहतात. निव्वळ शोभेच्या मूर्तीला अशा रचनेचे प्रयोजन नसते. याच ठेव्यात हर्क्युलीस व अँटिअस यांची झुंज, रानबोकड, तसेच ससा व शिकारी कुत्रा अशा आकारांच्या आणखी तीन मिरीदाण्या आहेत. फ्रान्समधील शाउर्स येथील ठेव्यातही दासाच्या आकृतीची चांदीची मिरीदाणी मिळाली आहे. लॅटिनमध्ये अशा पात्रास ‘पिपेराटोरियम’ म्हणत.

नाव व कारागीर

‘सम्राज्ञी’ हे नाव रूढ असले तरी फसवे आहे. दांडीच्या तराजूवर सरकवण्याची सम्राज्ञीच्या अर्धपुतळ्यासारखी कांस्य वजने त्या काळी प्रचारात होती. त्यांच्याशी असलेल्या साम्यावरून ते पडले. मूर्तीतील स्त्रीची केशरचना, दागिने व वस्त्रे यांच्या तपशिलांवर सोन्याचा मुलामा असून डाव्या हातात गुंडाळी आहे. त्यावरून ती विशिष्ट राणी नसून श्रीमंत, सुशिक्षित कुलीन स्त्री असावी, असे मानले जाते.

घडवणाऱ्याचे नाव अज्ञात आहे. ठेव्यातील काही चमच्यांवर ‘ऑरेलियस उर्सिसिनस’ हे नाव कोरलेले आहे, परंतु ते मालकाचे समजले जाते; अशा लेखांवरून कारागीर ठरवणे धोक्याचे असते. चांदीवर अधिकृत छाप उमटवण्याची बायझंटाइन पद्धत पाचव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, म्हणून येथे तो आधारही मिळत नाही.

मिरीचे मोल

या पात्रातील काळी मिरी मलबार किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रामार्गे रोमन साम्राज्यात जाई. लॅटिन ‘पिपेर’ हा शब्द ‘पिप्पली’शी, म्हणजे आपल्या पिंपळीशी जोडला जातो. पहिल्या शतकात प्लिनीने काळ्या मिरीचा भाव पौंडाला ४ व पिंपळीचा १५ दिनार नोंदवला आहे. इ. स. ४०८ मध्ये गॉथ राजा अ‍ॅलॅरिकने रोमचा वेढा उठवण्यासाठी मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३,००० पौंड मिरीही होती.