द्विध्रुवी विकार: झोप, भूक आणि औषधांचे दुष्परिणाम

द्विध्रुवी विकार हा उन्माद आणि नैराश्य अशा दोन टोकांच्या मनःस्थिती आळीपाळीने उद्भवणारा दीर्घकालीन मानसिक आजार आहे. त्यावरील औषधे बहुधा अनेक वर्षे घ्यावी लागतात. वजनवाढ, हातांचा कंप, दिवसभराची सुस्ती यांना कंटाळून अनेक रुग्ण औषध सोडतात आणि आजार उलटतो. त्यामुळे दुष्परिणामांचे व्यवस्थापन हा मूळ उपचाराचाच भाग मानला जातो.

झोप

उन्मादात झोपेची गरजच कमी होते. रुग्ण तीन-चार तासांच्या झोपेनंतरही ताजातवाना असतो. साध्या निद्रानाशात झोप हवी असते, पण लागत नाही. निदानाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. नैराश्यात निद्रानाश किंवा अतिनिद्रा यांपैकी काहीही आढळू शकते.

कमी झोप हे उन्मादाचे लक्षण आहे, तसेच ते त्याचे निमित्तही ठरू शकते. रात्रपाळी, लग्नघरातील जागरणे, परीक्षेच्या दिवसांतील रात्रभराचा अभ्यास किंवा लांबचा विमानप्रवास यांनंतर उन्मादाचा झटका आल्याचे आढळते. याच निरीक्षणावर अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील मानसशास्त्रज्ञ एलेन फ्रँक यांनी विकसित केलेली आंतरवैयक्तिक व सामाजिक लय उपचारपद्धती आधारलेली आहे. तीत अंथरुणातून उठणे, दिवसातील पहिली भेट, कामाची सुरुवात, रात्रीचे जेवण आणि झोपणे यांच्या वेळा नोंदवून त्या शक्य तितक्या स्थिर ठेवल्या जातात. निद्रानाशावर अन्यथा उपयुक्त असलेले झोपेचे तास मुद्दाम घटवण्याचे तंत्र मात्र या आजारात जपून वापरावे लागते.

भूक आणि वजन

ऑलान्झापिन व क्वेटियापिन ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन यांच्या काही ग्राहींना अडवतात. त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. वजन पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेगाने वाढते. म्हणून उपचार सुरू करतानाच वजन, कंबरेचा घेर, रक्तशर्करा व मेदाचे प्रमाण नोंदवून ठेवतात. ही वाढ रुग्णाच्या खादाडपणाची किंवा आळसाची खूण नव्हे, हे कुटुंबियांना समजावून सांगावे लागते. आहार व व्यायाम पुरेसे न पडल्यास डॉक्टर औषध बदलतात किंवा मेटफॉर्मिनची जोड देतात. लॅमोट्रिजिनने सहसा वजन वाढत नाही. मात्र त्याने क्वचित गंभीर स्वरूपाचे पुरळ येत असल्याने मात्रा अतिशय हळू वाढवतात.

लिथियम

ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या दहा रुग्णांवरील लिथियमचा परिणाम प्रसिद्ध केला. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियम क्लोराइडमुळे काही हृदयरुग्ण दगावले होते. तेथे या औषधाला १९७० साली मान्यता मिळाली.

मिठाचा हा संबंध आजही महत्त्वाचा आहे. मूत्रपिंड लिथियमला बरेचसे सोडियमप्रमाणे वागवते. शरीरात सोडियम किंवा पाणी कमी झाले की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातील पातळी चढते. उलटी-जुलाब, उन्हाळ्यातील अतिघाम, अचानक सुरू केलेला अळणी आहार आणि हरतालिकेसारखा निर्जळी उपवास यांमुळे म्हणूनच धोका संभवतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी व रक्तदाबावरील काही औषधांनीही पातळी वाढते. डोकेदुखीची गोळी औषधविक्रेत्याकडून परस्पर घेण्याची आपल्याकडील सवय येथे घातक ठरू शकते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते.

देखभालीच्या उपचारात रक्तातील पातळी साधारणतः ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात. तपासणीचे रक्त शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी घेतात. पातळी १.५ च्या पुढे गेल्यास विषबाधेची शक्यता असते. वृद्धांत ती याहून कमी पातळीलाही दिसू शकते. हातांचा बारीक कंप हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. कंप ठळक होणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, उलट्या-जुलाब व गोंधळलेपणा ही मात्र विषबाधेची लक्षणे असून अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

लिथियमने तहान व लघवीचे प्रमाण वाढते. ही तहान सरबते, शीतपेये वा वारंवार गोड चहा घेऊन भागवल्यास वजन वाढते. साधे पाणी उत्तम. पाणी मुद्दाम कमी पिणे अपायकारक आहे. अवटू ग्रंथी मंदावू शकते आणि दीर्घकाळात मूत्रपिंडाचे कार्य घटू शकते, म्हणून दोन्हींची व कॅल्शियमची तपासणी ठरावीक काळाने केली जाते. अवटू मंदावल्याने येणारी सुस्ती, वजनवाढ व उदासी कधी कधी नैराश्यच समजली जाते.

इतर औषधे

व्हॅल्प्रोएटमुळे वजनवाढ, केसगळती व क्वचित यकृताला इजा होते. गर्भाला गंभीर व्यंगांचा धोका असल्याने गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. कार्बामाझेपिनमुळे रक्तातील सोडियम उतरू शकते.

औषध बंद करणे

लिथियम एकाएकी थांबवल्यास उन्माद उलटण्याचा व आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणून बंद करायचे झाल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवतात. भारतात टेली-मानस ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.